खडकाळ जमीन आणि दूरचे धान्य

इ.स.पू. ४१० च्या सुमाराची गोष्ट. स्पार्टाचा राजा आगिस अथेन्सपासून सुमारे वीस किलोमीटरवर, डेकेलिया येथील डोंगराळ ठाण्यात सैन्यासह तळ देऊन बसला होता. अथेन्सच्या शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात पाऊल टाकणे त्याने अशक्य करून सोडले होते. शत्रूची शेती बुडाली की शत्रू शरण येतो, हा त्या काळच्या युद्धाचा सरळ हिशेब. परंतु त्या उंचीवरून आगिसला पिरेयस बंदर दिसत असे, आणि त्या बंदरात धान्याने भरलेली गलबते एकामागून एक शिरत असत. झेनोफन हा इतिहासकार सांगतो की, हे दृश्य पाहून राजाला आपल्या हिशेबातील चूक उमगली. हे धान्य जेथून निघते ती वाट रोखल्याखेरीज अथेन्सची जमीन अडवून धरण्यात काही अर्थ नव्हता.

ज्या नगरीची शेते शत्रूच्या ताब्यात आहेत, तरीही जिच्या घरोघरी भाकरी भाजली जाते, ती नगरी घडली कशी? या प्रश्नाचे उत्तर ग्रीसच्या मातीत आहे. किंबहुना मातीच्या अभावात आहे.

ग्रीसची सुमारे चार पंचमांश भूमी डोंगराळ आहे. चुनखडीचे उघडे कडे, त्यांच्या पायथ्याशी चिंचोळी खोरी, आणि खोरे संपते न संपते तोच समुद्र. नद्या आखूड, उन्हाळ्यात त्यांपैकी बहुतेकींच्या पात्रात गोटेच उरतात, त्यामुळे नदीतून मालवाहतूक करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पाऊसही महाराष्ट्राच्या नेमका उलट, हिवाळ्यात पडणारा. अथेन्सच्या परिसरात तो वर्षाकाठी चारशे मिलिमीटरच्या आसपास. शरद ऋतूतील पहिल्या सरींनंतर पेरणी आणि मे-जूनमध्ये कापणी असा तेथील क्रम. गव्हाला एवढे पाणी पुरेलच याचा भरवसा नाही. अलीकडच्या पर्जन्यमानावरून अभ्यासकांनी केलेला अंदाज असा की, अथेन्सभोवतालच्या ॲटिका प्रदेशात साधारण चार वर्षांतून एकदा गहू बुडत असावा; जव मात्र वीस वर्षांतून एकदा. म्हणून सामान्य घरात जवाचे पीठ आणि गव्हाची पोळी सणासुदीला, असा रिवाज पडला.

या जमिनीने मोठ्या मनाने दिले ते दोनच पदार्थ: द्राक्षे आणि ऑलिव्ह. ऑलिव्हची मुळे खडकाच्या भेगांतून पाणी शोधीत खोल उतरतात. झाड भरघोस फळावर यायला वर्षानुवर्षे लागतात, पण एकदा धरले की ते शतकानुशतके उभे राहते. लावणारा आपल्यासाठी लावीतच नाही. तो मुलांसाठी आणि नातवंडांसाठी लावतो. अथेन्सच्या पुराणकथेत नगरीचे स्वामित्व मिळविण्यासाठी समुद्रदेव पोसायडन आणि देवी अथेना यांच्यात स्पर्धा लागते. तो खडकातून खाऱ्या पाण्याचा झरा काढतो, ती ऑलिव्हचे झाड उगवते, आणि कौल देवीला मिळतो. पुढे घडले ते मोठे मासलेवाईक. अथेन्सने झाड निवडले खरे, पण त्या झाडाचे तेल विकण्यासाठी तिला अखेर समुद्राकडेच जावे लागले.

इ.स.पू. ५९४ मध्ये सोलनच्या हाती अथेन्सचा कारभार आला, तेव्हा कर्जात बुडालेले शेतकरी स्वतःचा देह गहाण टाकीत होते. सोलनने ही चाल बंद केली. त्याबरोबरच त्याने एक व्यापारी कायदाही केला: शेतमालापैकी केवळ ऑलिव्हचे तेल परदेशी विकावे, धान्य नगराबाहेर जाऊ देऊ नये. जे विपुल आहे ते विका, जे तुटपुंजे आहे ते राखा, एवढेच या कायद्याचे तत्त्व. परंतु त्यामुळे एका नगरीच्या अर्थव्यवहाराची दिशा ठरून गेली. तेलासाठी बुधले हवेत, म्हणून कुंभारवाडे वाढले. ॲटिकाची तांबूस माती त्या कामाला उत्तम. लॉरियन येथील खाणींत चांदी सापडली आणि तिची नाणी पडू लागली. नाण्याच्या एका बाजूस अथेनेचे मुख, दुसऱ्या बाजूस घुबड, आणि घुबडाच्या पाठीशी ऑलिव्हची डहाळी. (ही चांदी खणून काढली ती गुलामांनी, अंधाऱ्या अरुंद बोगद्यांत. अथेन्सच्या वैभवाचे वर्णन करताना हे बहुधा गाळले जाते.)

डोंगरांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी माणसांना खोऱ्याखोऱ्यांत वाटून टाकले. प्राचीन ग्रीक जगात लहानमोठी हजाराहून अधिक नगरराज्ये होती. प्रत्येकाचे कायदे वेगळे, वर्षारंभ वेगळा, वजने-मापे वेगळी. एजिना बेटाच्या नाण्यावर कासव, कॉरिंथच्या नाण्यावर पंखांचा घोडा. अशा ठिकाणी व्यापार करायचा तर नाणी पारखून बदलून देणारा सराफ हवाच. बाजारात मेज मांडून बसणाऱ्या या सराफाच्या मेजाला ‘त्रापेझा’ म्हणत. आजच्या ग्रीक भाषेतही बँकेला हाच शब्द आहे. या मेजांपैकी एकावर पासिओन नावाचा गुलाम कामाला होता. हिशेबातील सचोटीमुळे तो प्रथम मुक्त झाला, मग पेढीचा मालक झाला आणि शेवटी अथेन्सचा नागरिकही झाला.

तरीही सारे काही डोंगरांच्या माथी मारणे योग्य नव्हे. शेजारच्या बिओशिया प्रांतात बऱ्यापैकी सलग मैदान असूनही तेथील नगरे एकमेकांशी भांडत राहिली. थीब्ज आणि प्लाटिया ही दोन नगरे तर हाकेच्या अंतरावर असूनही हाडवैरी. उलट टेकड्यांनी तुकडे पाडलेला ॲटिका प्रदेश एकाच नगरीच्या छत्राखाली नांदला. स्पार्टाचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथेही जमिनीची टंचाई भासली, पण स्पार्टाने समुद्राची वाट धरली नाही. डोंगर ओलांडून शेजारच्या मेसेनियाची सुपीक भूमी तिने बळकावली आणि तेथील लोकांना पिढ्यान्‌पिढ्या वेठीला धरले. परिणामी स्पार्टाला धान्याची ददात पडली नाही. मात्र ज्यांच्या कष्टावर आपण जगतो ते उठाव करतील या धास्तीत अवघे नगर जन्मभर छावणी होऊन राहिले. भूगोलाने दोघांपुढे एकच अडचण ठेवली. उत्तरे ज्याची त्याने शोधली.

समुद्राची वाट धरणाऱ्यांनाही समुद्राची आवड होती असे नाही. हेसिअड या प्राचीन कवीचा पिता आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील कायमी नगरचा. तो गलबतातून व्यापार करी. दारिद्र्याला कंटाळून समुद्र ओलांडून तो बिओशियातील एका डोंगरी खेड्यात स्थायिक झाला. मुलगा शेतकरी झाला, आणि त्याने आपल्या काव्यात भावाला जो व्यवहारोपदेश केला आहे, त्यात समुद्राविषयीचे भय ठायीठायी जाणवते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धातील पन्नासेक दिवसच नौकेसाठी खरे सुरक्षित, असे तो सांगतो. आणि सारा माल एका गलबतात चढवू नये, मोठा हिस्सा घरी ठेवून लहान हिस्साच पाण्यावर सोडावा, असेही बजावतो. त्याने स्वतः आयुष्यात एकदाच नौकेत पाऊल टाकले, तेही युबिया बेटापुढची चिंचोळी सामुद्रधुनी ओलांडण्यापुरते. व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाची ही सावधगिरी अनुभवाविना आलेली नसावी.

काहींना तर निवडीची संधीच नव्हती. थिरा, म्हणजे आजचे सांतोरिनी, हे ज्वालामुखीचे बेट. हिरॉडोटस सांगतो की, तेथे सात वर्षे पाऊस पडला नाही आणि एक झाड वगळता बेटावरील सारी झाडे वाळून गेली. तेव्हा भावाभावांत चिठ्ठ्या टाकून एकाने बेट सोडावे असे ठरले. पुढे शिलालेखात कोरलेल्या ठरावानुसार, नाव निघूनही जो जाण्यास नकार देईल त्याला देहदंड. बॅटस नावाच्या पुढाऱ्याबरोबर पन्नास-पन्नास वल्ह्यांची दोन गलबते निघाली. कोठे जावे हे न कळल्यामुळे ती मंडळी एकदा परत आली, तर किनाऱ्यावर उभ्या असलेल्या त्यांच्याच बांधवांनी त्यांच्यावर मारा केला आणि त्यांना जमिनीवर उतरू दिले नाही. घरात राहिलेल्यांच्या वाट्याला एवढेच धान्य होते की परतलेल्या भावाला ते देता येत नव्हते. अखेर ती माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आजच्या लिबियात पोहोचली. तेथील रहिवाशांनी त्यांना पावसाचा मुबलक प्रदेश दाखविला, आणि इ.स.पू. ६३० च्या सुमारास किरीनी हे नगर वसले. सिसिलीतील सिराक्यूज, फ्रान्सच्या किनाऱ्यावरील आजचे मार्सेय, काळ्या समुद्राच्या तोंडावरील बायझॅन्शियम ही नगरेही अशाच स्थलांतरांतून उभी राहिली. एजियन समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील आयोनियातले ग्रीक तर पूर्वेकडील लोकांना इतके परिचित झाले की त्यांच्या नावावरूनच संस्कृतात ‘यवन’ हा शब्द आला.

पाचव्या-चौथ्या शतकात अथेन्सला लागणारे धान्य प्रामुख्याने काळ्या समुद्राच्या उत्तर तीरावरून, आजच्या क्रिमियातील बॉस्पोरस या राज्यातून येई. वाट दोन अरुंद सामुद्रधुन्यांतून जाणारी. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेचा वारा सतत वाहतो. म्हणजे धान्य आणणाऱ्या भरल्या गलबतांना तो अनुकूल आणि तिकडे जाणाऱ्यांना प्रतिकूल. सप्टेंबरच्या मध्यास, पहाटेच्या आकाशात स्वाती तारा पुन्हा दिसू लागला की, हवामान बिघडण्याची चिन्हे सुरू होत. वारा, तारा आणि सामुद्रधुनी या तिहींचा हिशेब व्यापाऱ्याच्या कागदावर कसा उतरे, याचा एक अस्सल नमुना डिमॉस्थेनिसच्या नावावर असलेल्या एका न्यायालयीन भाषणात जपला गेला आहे.

चौथ्या शतकाच्या मध्यातील हा करारनामा. दोन सावकारांनी फासेलिस नगरच्या दोन भावांना तीन हजार द्राख्मे कर्ज दिले. त्यांनी उत्तर ग्रीसमधील मेंडे येथून तीन हजार बुधले मद्य भरावे, ते काळ्या समुद्राकडे नेऊन विकावे, तेथून परतीचा माल घेऊन अथेन्सला यावे आणि आल्यावर वीस दिवसांत मुद्दल व व्याज चुकवावे. व्याज हजारी २२५, म्हणजे शेकडा साडेबावीस. परंतु स्वातीच्या उदयानंतर काळ्या समुद्रातून परत निघाल्यास हजारी ३००. हा दर वर्षाचा नव्हे, एका सफरीचा. जमिनीवरील कर्जाला त्या काळी अथेन्समध्ये सामान्यतः वर्षाला शेकडा बारा व्याज पडे, हे लक्षात घेतले म्हणजे समुद्राची किंमत कळते. आणि सर्वांत महत्त्वाची अट अशी की, गलबत बुडाले तर कर्जही बुडाले. वादळात नौका हलकी करण्यासाठी माल समुद्रात टाकावा लागला तर तेवढी वजावट मिळे. मात्र तो निर्णय नौकेवरील सर्वांनी मिळून घेतलेला असला पाहिजे.

जुन्या व्यापारी घराण्यांच्या वहीखात्यांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांना येथे जोखमी हुंडीचे स्मरण होईल. माल सुखरूप पोहोचला तरच देणे उभे राहते, हेच दोहोंचे मर्म. अथेन्सची पद्धत येथे आली किंवा येथली तेथे गेली, असे म्हणण्याचे कारण नाही. एकाच प्रकारच्या समुद्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसांना एकच तोड सुचावी, यात नवल ते काय!

करार चोख होता. माणसे तशी निघाली नाहीत. सावकाराचा आरोप असा की, कर्जदारांनी तीन हजारांऐवजी पाचशे बुधलेही भरले नाहीत, त्याच मालावर दुसऱ्याकडूनही पैसे उचलले, आणि शेवटी गलबत फुटल्याचे सांगून हात वर केले. कर्जदारांचा वडीलभाऊ लाक्रिटस हा आयसोक्रेटिस या प्रख्यात आचार्याचा शिष्य. त्याने या व्यवहारात आपला शब्द दिला होता, असे फिर्यादी म्हणतो, आणि वक्तृत्वाच्या शिक्षणाने ऋण फिटत नाही असा टोलाही हाणतो.

ज्या नगरीचा घास एवढ्या धोक्यांतून पार होऊन येतो, ती धान्याच्या बाबतीत स्वस्थ कशी बसणार? अथेन्सच्या लोकसभेत वर्षातून दहा वेळा धान्याचा विषय ठरलेलाच असे. नगराच्या संरक्षणाच्या बरोबरीने त्याला स्थान होते. अथेन्समध्ये राहणाऱ्या कोणालाही धान्य अन्य बंदरात नेऊन विकण्यास मनाई होती. पिरेयसच्या धान्यबाजारात आलेल्या मालाचे दोन तृतीयांश शहरात पोहोचलेच पाहिजे, असा नियम होता. बाजारावर देखरेख करणारे अधिकारी पूर्वी शहरासाठी पाच आणि बंदरासाठी पाच असत. ॲरिस्टॉटलच्या काळात त्यांची संख्या वीस आणि पंधरा झाली. जवाच्या भावाच्या प्रमाणात पीठ विकले जाते काय, गव्हाच्या भावाच्या प्रमाणात पाव, आणि पावाचे वजन बरोबर आहे काय, हे ते पाहत. बॉस्पोरसचा राजा ल्यूकॉन अथेन्सकडे निघालेल्या गलबतांना तिसाव्या हिश्शाची जकात माफ करी आणि त्यांचा माल आधी भरू देई. इ.स.पू. ३५५ मध्ये डिमॉस्थेनिसने सांगितलेला आकडा असा की, वर्षाला चार लाख मेडिम्नोस धान्य एकट्या त्याच्या राज्यातून येते, आणि इतर सर्व ठिकाणांहून मिळून साधारण तेवढेच. मेडिम्नोस म्हणजे सुमारे ५२ लिटरचे माप. एवढ्या धान्यावरील जकातमाफी ही केवढी मोठी देणगी! अथेन्सने कृतज्ञतेने त्या राजाला आपले नागरिकत्व दिले होते.

राजाला नागरिकत्व मिळाले. दारोदार धान्य पोहोचविणाऱ्याला मात्र ते नव्हते. धान्याचे व्यापारी बहुतांशी परदेशातून येऊन राहिलेले. ते कर भरीत, युद्धात लढत, पण विशेष परवानगीवाचून त्यांना जमीन किंवा घर विकत घेता येत नसे. इ.स.पू. ३८६ च्या सुमारास अशाच काही धान्यविक्रेत्यांवर खटला चालला. कायद्याने एका वेळी पन्नास टोपल्यांहून अधिक धान्य घेता येत नव्हते आणि ठरीव, अल्प नफ्यापलीकडे भाव चढविता येत नव्हता. या दोन्ही मर्यादा त्यांनी मोडल्या, असा आरोप होता. गलबते बुडाली, सामुद्रधुनी बंद झाली, तह मोडला, अशा अफवा पसरवून हे लोक भाव वाढवितात, असे लायसियसने लिहून दिलेल्या फिर्यादीच्या भाषणात म्हटले आहे. मागणी देहदंडाची होती.

ते भाषण आजही अंगावर येते. साठेबाजाविषयी भुकेल्याला वाटणारा संताप त्यात खरा आहे. पण त्याच भाषणात दुसरी बाजूही डोकावते. आपसातील चढाओढीने आयातदारांकडील भाव फुगू नयेत म्हणून एकत्र खरेदी करा, असे आम्हांला एका सरकारी अधिकाऱ्यानेच सांगितले, हा आरोपींचा बचाव होता. त्या अधिकाऱ्याने तसा सल्ला दिल्याचे मान्यही केले; फक्त साठा करा असे आपण म्हटले नव्हते, एवढाच त्याचा खुलासा. कडक कायदा आणि तोंडी सल्ला यांच्या कात्रीत सापडलेला, मताधिकार नसलेला परका दुकानदार न्यायालयात कितपत टिकाव धरणार? अथेन्सला व्यापाऱ्याची गरज होती, आणि त्याच गरजेपोटी तिला त्याचा संशयही येत होता.

पुढे ही दृष्टी थोडी निवळली. झेनोफनने वृद्धापकाळी लिहिलेल्या नगराच्या उत्पन्नावरील ग्रंथात परदेशी व्यापाऱ्यांना मान द्यावा, त्यांचे तंटे त्वरित मिटवावेत, घरे बांधण्यास जागा द्यावी, असे सुचविले आहे. आणि इ.स.पू. ३३३ मध्ये सायप्रसमधील किटियन नगरच्या व्यापाऱ्यांनी आपल्या देवीचे मंदिर बांधण्यासाठी भूखंड विकत घेण्याची परवानगी मागितली, तेव्हा लोकसभेने ती दिली. इजिप्तच्या लोकांना आयसिसच्या मंदिरासाठी अशीच अनुमती यापूर्वी मिळाली आहे, असा दाखला त्या ठरावात कोरलेला आहे. परक्या बंदरात दुकान थाटणाऱ्याला आपल्या दैवतासाठी चार हात हक्काची जागा हवीशी वाटते, हे त्या दगडावरून कळते.

आगिसला डेकेलियाच्या उंचीवरून जे दिसले, ते लायसँडर या स्पार्टन सेनापतीने काही वर्षांनी तडीस नेले. इ.स.पू. ४०५ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस, हेलेस्पाँट या सामुद्रधुनीच्या काठी इगोसपोटामी येथे, अथेन्सचे सुमारे १८० नौकांचे आरमार त्याने नौका किनाऱ्याला लावलेल्या असतानाच गाठले. मोजक्याच नौका निसटल्या. त्यानंतर लायसँडरने अथेन्सवर तातडीने हल्ला केला नाही. आसपासच्या ठिकाणी सापडलेल्या अथेन्सकरांना अभय देऊन तो त्यांच्या नगरीकडेच परत धाडीत राहिला. तोंडे जितकी वाढतील तितके कोठार लवकर रिकामे होईल, हा त्याचा हिशेब. तो बरोबर ठरला. पुढच्या वसंतात अथेन्सने शरणागती पत्करली, आणि शहराला बंदराशी जोडणाऱ्या लांब तटबंदी बासरीच्या सुरांवर पाडण्यात आल्या. नगरी तलवारीने जिंकली गेली नाही. तिची वाट बंद झाली एवढेच.

किरीनीच्या अवशेषांत एक शिलालेख सापडला आहे. इ.स.पू. ३३० ते ३२६ च्या दरम्यान ग्रीसमध्ये धान्याची भीषण टंचाई पडली, त्या काळातील हा लेख. किरीनीने कोणकोणत्या नगरांना किती धान्य दिले याची ती यादी आहे; एकूण आठ लाखांहून अधिक मेडिम्नोस. ते फुकट दिले की रास्त दराने विकले, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. लेखात शब्द ‘दिले’ असाच आहे. यादीच्या आरंभी अथेन्सचे नाव आहे, एक लाख मेडिम्नोस. मग सिकंदराच्या मातेचे, आर्गोसचे, कॉरिंथचे आणि कितीतरी इतर नगरांचे. त्या गर्दीतच, तीनशे वर्षांपूर्वी ज्या किनाऱ्यावरून बॅटसच्या सोबत्यांना मारा करून परत लावण्यात आले होते, त्या थिरा बेटाचेही नाव कोरलेले आहे: पंधरा हजार मेडिम्नोस.